तथापिच्या पुढे काय?

संगीतशिक्षक संघाच्या अध्यक्षपदी निवडून आल्या त्याच संध्याकाळी पियानोबाईंनी नवऱ्याला ठणकावून सांगितलं, "आजवरच्या अध्यक्षांना तीन वर्षांत जमलं नाही, ते मी पंधरा मिनिटांत करून दाखवते."

नवऱ्याने वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं. "पंधराच का?"

"शिक्षणाधिकाऱ्यांनी तेवढाच वेळ दिलाय."

प्रकरण गंभीर होतं. शाळांमधला संगीताचा तास बंद करायचा, असं खात्यात घाटत होतं. आठवड्याला चाळीस मिनिटांचा एकुलता एक तास, त्यात मुलं शिकतात तरी काय, असा खात्याचा सवाल. तो तास गेला तर संघातल्या निम्म्या लोकांची नोकरी जाणार होती. पण बाईंना खरी कळकळ होती ती घरी वाद्य नसलेल्या मुलांची. त्या स्वतः शाळेतल्याच पियानोवर शिकल्या होत्या, आणि त्याच्या दोन पट्ट्या मुळात वाजतच नसत.

बाईंनी दोन पानी निवेदन लिहिलं. पहिल्या पानावर आदर, दुसऱ्यावर मागणी. वाचायला व्हायोलिनसरांना नेमलं, कारण संघात सगळ्यात भारदस्त आवाज त्यांचा. सोबत ड्रमसर, कारण वेळेवर येणारा संघातला तो एकमेव माणूस. मग बाईंच्या दिवाणखान्यात पाच दिवस तालीम चालली, आणि इथेच माशी शिंकली.

बाईंची शिकवण्याची एक पद्धत होती. विद्यार्थी चुकला की त्या पेन्सिलीने पियानोच्या झाकणावर दोनदा टकटक करत. टकटक झाली की विद्यार्थ्याने थांबायचं आणि पहिल्यापासून वाजवायचं. मधूनच उचललं तर चूक अंगात मुरते, असं त्यांचं ठाम मत होतं. तीस वर्षांत या टकटकीतून कोणी सुटलं नव्हतं. व्हायोलिनसरही सुटले नाहीत. पाचव्या दिवशी तर पेन्सिल नुसती उचलली तरी ते वाक्याच्या सुरुवातीला पळायला लागले.

"अगं, दुसरं पान कधी वाचणार?" नवऱ्याने स्वयंपाकघरातून विचारलं. पहिलं वाक्य एव्हाना त्याला तोंडपाठ झालं होतं.

"पहिलं बसल्यावर," बाई म्हणाल्या.

भेटीच्या दिवशी कचेरीच्या जिन्यात बाईंनी दोघांना बजावलं, "आत कोणी कोणाला मध्ये तोडायचं नाही. मीसुद्धा नाही."

शिक्षणाधिकारी माणूस बरा निघाला. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, "हे बघा, मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. आदेशावर अजून सही केलेली नाही. तुमचं ऐकून मगच करणार. वाचा."

व्हायोलिनसर उभे राहिले. "सन्माननीय महोदय, आपल्या खात्याने आजवर कलाशिक्षणास जे पाठबळ दिले, त्याबद्दल आमचा संघ आपला अत्यंत ऋणी आहे. तथापि…"

'अत्यंत'च्या आधी त्यांनी श्वास घेतला होता. बाईंनी जीभ चावून धरली, एक अक्षर बोलल्या नाहीत. पण हातात पेन्सिल होती, समोर साहेबांचं टेबल होतं. टक टक.

"सन्माननीय महोदय," सर म्हणाले.

साहेबांनी समोरच्या चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल? बाईंनी मान उंचावली, पण मध्ये फायलींचा ढीग आडवा आला.

दुसऱ्या खेपेला श्वास जागेवर पडला, पण ड्रमसर खालमानेने पुटपुटले, "घाई होतेय." सर पुन्हा महोदयांपाशी. तिसऱ्या खेपेला 'तथापि' स्वच्छ आलं. एवढ्यात पाणी घेऊन आलेल्या शिपायाने दारावर दोनदा टकटक केली.

"सन्माननीय महोदय…"

"अहो सर, तो शिपाई होता," बाई कुजबुजल्या. कुजबुजल्यामुळे पुन्हा पहिल्यापासून.

साहेब पुढे सरकून बसले. "तथापि काय? तेवढं सांगा की."

"सांगतो ना, साहेब. त्याचसाठी तर आलोय," सर म्हणाले, आणि प्रामाणिकपणे सुरुवातीपासून सांगू लागले.

शिपाई तांब्या घेऊन तिथेच थांबला. तथापिच्या पुढे काय आहे, हे त्यालाही ऐकायचं होतं. सातव्या खेपेला त्याचे ओठ सरांबरोबर हलू लागले. आठव्या खेपेला साहेब अचानक म्हणाले, "सर, मगाचच्यापेक्षा हे सैल पडलं का हो?"

तिघेही त्यांच्याकडे पाहत राहिले. सैल पडलंच होतं.

"बरोबर आहे साहेबांचं," ड्रमसर म्हणाले. पुन्हा पहिल्यापासून. चिठ्ठीवर पुन्हा काहीतरी लिहिलं गेलं. आता ढिगाच्या फटीतून बाईंना दिसलं: काड्या. चार उभ्या, एक आडवी, शेजारी आणखी चार. साहेब खेपा मोजत होते.

अकराव्या खेपेला घड्याळात वेळ संपली आणि दारात पुढचं शिष्टमंडळ उभं राहिलं.

"कागद ठेवून जा, मी वाचतो," साहेब म्हणाले.

बाईंनी हात पुढे केला, पण सरांनी कागद छातीशी धरला. "नको साहेब. अजून बसलेलं नाही."

घरी येऊन बाई पियानोचं झाकण न उघडताच बसून राहिल्या. "माझ्यामुळे गेला तास," त्या म्हणाल्या. "नेता म्हणून गेले आणि मास्तरीण म्हणून परत आले." आठ दिवस त्यांनी पेन्सिल हातात घेतली नाही. विद्यार्थी मात्र धास्तावले. टकटक नाही म्हणजे बाईंनी आपली आशाच सोडली, असं त्यांना वाटायला लागलं.

नवव्या दिवशी खात्याचं पत्र आलं. व्हायोलिनसर आणि ड्रमसर धावत आले. बाईंनी पाकीट फोडलं आणि उभ्यानेच वाचायला घेतलं.

"संघाच्या तीन अनुभवी शिक्षकांना पंधरा मिनिटांत अकरा प्रयत्न करूनही एका वाक्यापुढे जाता आले नाही. तसेच सही करणाऱ्यास, संगीताचे ज्ञान नसतानाही, आठव्या प्रयत्नात फरक कळू लागला. यावरून या विषयास आठवड्याचा एक तास अगदीच अपुरा असल्याचे दिसते. सबब तास बंद न करता दोन करण्यात येत आहेत."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. डोळे पुसले, हसल्या, पुन्हा पुसले.

"बाई," ड्रमसर चाचरत म्हणाले, "सबबच्या आधी जरा घाई झाली."

"झाली खरी," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यापासून वाचू लागल्या. मग व्हायोलिनसरांना 'अपुरा'वरचा श्वास खटकला. मग पुन्हा पहिल्यापासून.

नवऱ्याने त्यांच्या खांद्यावरून वाकून शेवटची ओळ मनातल्या मनात वाचून घेतली: 'तथापि, संघाने यापुढची निवेदने कृपया टपालाने पाठवावीत.'

मग तो आपल्या वर्तमानपत्राकडे वळला. बाईंना त्या ओळीपर्यंत पोचायला अजून चार-पाच दिवस तरी होते.