लिंबाजीची शेवटची टाळी

सभा कसलीही असो, सगळ्यांच्या टाळ्या संपल्या की लिंबाजीची एक टाळी वाजायची. एकच. वक्ते खाली बसलेले असायचे, सूत्रसंचालकानं पुढचं नाव घ्यायला तोंड उघडलेलं असायचं, आणि मागच्या रांगेतून, उशिरा फुटलेल्या फटाक्यासारखी, ठाप! नवखा पाहुणा दचकायचा. आम्ही झरीचे लोक दचकत नव्हतो. कार्यक्रमपत्रिकेत आभारप्रदर्शनाच्या खाली ही टाळी छापायची राहून गेली, एवढंच आम्ही समजायचो.

लिंबाजी आमच्या शाळेत शिपाई होता आणि मी मास्तर. तीस वर्षं त्यानं घंटा वाजवली आणि मी ती वाजायची वाट पाहिली. माणूस काडीसारखा, पण तळहात परातीएवढे. टाळ्यांबाबत त्याचे नियम कडक होते. पुढारी मंडपात शिरताच लोक टाळ्या वाजवू लागले की हा दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसायचा. "आजून बोलले बी न्हाईत. कशाबद्दल?" हा 'कशाबद्दल' त्याच्या तोंडात कायमचा. एकदा एक साहेब पाऊण तास बोलले. लिंबाजीचे हात मांड्यांखाली. सगळं शांत झाल्यावर त्यानं आपली ती एक टाळी तेवढी वाजवली. मी विचारलं तर म्हणाला, "सगळ्यांसंगं वाजवली असती तर त्यांना वाटलं असतं, मला आवडलं." उलट गावातली पाण्याची बंद मोटार चालू केली म्हणून वायरमनला त्यानं भररस्त्यात टाळ्या दिल्या होत्या.

शेवटच्या टाळीला मात्र त्याचा 'कशाबद्दल' लागू नव्हता. का, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आता माझं वय ब्याऐंशी आहे. गुडघे, डोळे, झोप, सगळ्यांनी एकेक करून राजीनामे दिलेत. लिंबाजीबद्दल एक गोष्ट सांगितली जाते आणि लोक पोट धरून हसतात. ती गोष्ट मी रचली, आणि ती खोटी आहे. गावाला मी महिन्यापूर्वी माईकवर खरं सांगितलं. पण गोष्ट तोवर ताडकळसच्या बाजारात आणि सेलूच्या कापसाच्या जिनिंगवर जाऊन पोचली होती, तिथं आमच्या शाळेचा माईक ऐकू जात नाही. म्हणून हे लिहिणं.

सहा वर्षांपूर्वी आमच्या सरपंचबाईंना एका वाहिनीनं पुरस्कार दिला. मुंबईत कार्यक्रम, तोही थेट प्रसारणाचा. तिथं बोललेलं त्याच घटकेला घराघरात. खुर्च्या भरायला गावातली चाळीस माणसं हवी होती. बस आली. लिंबाजी माझ्या शेजारी बसला, मांडीवर फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या.

जालन्याच्या पुढं गेल्यावर तो आपणहून बोलला.

"गुरुजी, आज गयी टीव्हीफुडं बसणार हाय."

गयाबाई म्हणजे त्याची बायको. काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेले, त्याला तेव्हाच बरीच वर्षं झाली होती.

"तिला दिसतं कुठं?" मी म्हणालो.

"दिसत न्हाई. ऐकती की. माझी शेवटची टाळी ऐकली की तवा ठिवती. घर शाळंच्या मागंच, भोंग्यातनं समदं ऐकू जातं. मी घरी पोचस्तोवर भाकर गरम."

"म्हणून तू ती टाळी वाजवतोस?"

"मग कशाबद्दल?" तो म्हणाला. "आज मुंबईहून वाजवणार हाय. तवा ठिवू नगं म्हणलं, नुसतं ऐक."

हे मला माहीत होतं. पुढं जे झालं ते माहीत असून झालं.

स्टुडिओच्या दारात एका टोपलीत सगळ्यांचे मोबाईल काढून घेत होते. लिंबाजीकडं मोबाईल कधी नव्हताच. माझ्याकडं होता. निवेदिकेबरोबर फोटो काढायची माझी हौस, शिवाय मास्तरानं टोपलीत फोन टाकायचा हा अपमान. मी तो बंडीच्या आतल्या खिशात ढकलला. नातीनं त्यात घंटीऐवजी कोंबड्याची बांग घालून ठेवली होती.

आम्ही सगळे पांढऱ्या सदऱ्यात. कानात यंत्र घातलेल्या एक बाई आल्या आणि कपाळावर हात मारून म्हणाल्या, "इतका पांढरा रंग कॅमेऱ्याला चालत नाही." आमची रवानगी मागच्या रांगांत झाली. मग टाळ्यांचा सराव. बाईंनी हात वर केला की वाजवायच्या, खाली आणला की थांबायचं.

"कशाबद्दल?" लिंबाजीनं विचारलं.

"असंच काका, सराव."

"आजून तर कुणी काय केलंच न्हाई."

बाईंनी हात वर केला, खाली आणला. सगळे थांबले. ठाप!

"काका, तुमची एक टाळी उशिरा येते."

"उशिरा न्हाई बाई. ती शेवटची हाय."

बाईंनी चार वेळा सराव घेतला. चारही वेळा ठाप! शेवटी त्यांनी लिंबाजीला हात जोडले आणि कार्यक्रम सुरू झाला.

सरपंचबाई बोलायला उभ्या राहिल्या. आईनं शेतात राबून आपल्याला कसं शिकवलं, हे सांगताना त्यांनी पदर डोळ्यांना लावला. सगळीकडं शांत झालं. आणि माझ्या छातीवर कोंबडा आरवला.

फोन बाहेर काढला, पण बंद कसा करायचा ते आठवेना. कोंबडा दुसऱ्यांदा आरवला. समोरच्या रांगा वळून पाहू लागल्या. कानातल्या यंत्रवाल्या बाई वाकून धावत आल्या. तेवढ्यात "गुरुजी, आना इकडं," असं पुटपुटत लिंबाजीनं माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि उभा राहिला.

"माझा हाय," तो म्हणाला.

त्याला बाहेर नेलं. मी बसून राहिलो. टाळ्या वाजल्या, बाईंच्या इशाऱ्यावर एकदम थांबल्या. मागून काही आलं नाही.

परतीच्या बसमध्ये सरपंचबाई तावातावानं आमच्या सीटपाशी आल्या. त्यांनी विचारलं, "गुरुजी, बांग तर तुमच्या फोनची हाय न?" मी म्हणालो, "फोन टोपलीत टाकायला लिंबाजीकडं दिला होता. विसरला आणि खिशात ठेवून बसला." लिंबाजी शेजारीच होता. तो खिडकीबाहेर पाहत राहिला. मी मास्तर, तो शिपाई. तीस वर्षांची सवय दोघांनाही होती.

गावात आल्यावर मी ती गोष्ट रंगवली. लोक हसतात म्हटल्यावर आणखी रंगवली. त्याला दाराबाहेर काढताना तो कोंबड्यासारखी मान हलवत होता, हेही माझंच. त्याचं नाव 'कोंबडामामा' पडलं. पुढच्या समारंभात त्यानं शेवटची टाळी वाजवली आणि सगळ्या मंडपानं "कुकूच्कू!" केलं. त्यानंतर त्यानं टाळी वाजवली नाही. हात मांड्यांखाली ठेवून बसायचा आणि उठून जायचा. गयाबाई अंदाजानं तवा ठेवू लागली. भाकरी कधी गार, कधी करपलेली. सहा वर्षं त्यानं मला त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. ते सोसणं मला सगळ्यात अवघड गेलं.

महिन्यापूर्वी शाळेच्या बक्षीस समारंभात मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी हे सगळं सांगितलं. मंडपात कुणी हसलं नाही, टाळी तर नाहीच. मागच्या रांगेकडं बघायचं धाडस झालं नाही. व्यासपीठावरून उतरलो आणि मागच्या फाटकानं थेट लिंबाजीच्या घरी गेलो. गयाबाई चुलीपुढं बसली होती. भोंग्यातून सगळं तिच्या कानावर गेलंच होतं.

"या गुरुजी. लय उशीर केलाव."

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्याच दिशी. कोंबडा वरडला तवा टीव्हीफुडं बसलेले सगळे हसायलते. मी ह्यांची टाळी येती का म्हणून कान देऊन बसलते. टीव्हीत ह्यांचा आवाज आला, हळूच. 'गुरुजी, आना इकडं.' माझा कान चुकत न्हाई."

"मग कुणाला बोलला का नाहीत?"

"ह्यांनी झाकलं, ते मी कशाला उघडू? ह्यांना बी न्हाई सांगितलं, मला ठावं हाय म्हणून." तिनं पिठाचा गोळा हातात घेतला, पण थापला नाही. "टीव्हीचं दुःख न्हाई गुरुजी. टाळीच्या जागी ह्यांचा आवाज आला, बरंच झालं. पर हितली टाळी गेली, त्याचं वाईट वाटतं."

 तेवढ्यात भोंग्यातून शाळेतलं आभारप्रदर्शन ऐकू आलं. टाळ्या वाजल्या, विरत गेल्या, थांबल्या. गयाबाईनं मान थोडी कलती केली. खुर्च्या सरकू लागल्या. कुणीतरी माईकवर फुंकर मारली.

मग एक टाळी वाजली. पूर्वीसारखी ठाप नव्हे, जरा पोकळ, म्हाताऱ्या हातांची.

"हात लय थकले ह्यांचे," गयाबाई म्हणाली, आणि चाचपडत तवा चुलीवर ठेवला. "बसा. तुमची बी टाकते."