फारोच्या भट्ट्यावर पाठराबेकाका

आमचे पाठराबेकाका अधूनमधून इजिप्तला जातात. जातात रात्री, झोपेत, आपल्या जुन्या स्कूटरवर. आणि सकाळी बूढा तालाबच्या कडेनं फिरताना मला दौऱ्याची हकिगत सांगतात.

"काल फारोच्या भट्ट्यावर गेलो होतो," ते म्हणतात. आवाज असा, की माणूस काल शहराच्याच टोकाला टाटीबंधला जाऊन आला असावा.

तलावावर तेव्हा धुकं असतं. पलीकडचा काठ दिसत नाही. त्या धुक्यामागं नाईल नदी नाहीच, असं खरं सांगायचं तर मलाही छातीठोकपणे म्हणवत नाही.

काका कामगार खात्यात निरीक्षक होते. आयुष्यभर वीटभट्ट्या तपासल्या, अडकवून ठेवलेले मजूर सोडवले. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसातल्या मसीह बाबूंनी त्यांना बायबल भेट दिलं. काकांचं घराणं मूळचं भंडाऱ्याकडचं, देव्हाऱ्यात गणपती. पण काकांनी ते पुस्तक धर्माचं म्हणून वाचलंच नाही. कामगार कायदा म्हणून वाचलं, लाल पेन्सिल हातात घेऊन. इजिप्तमध्ये दास झालेले इस्राएल लोक फारो राजासाठी विटा पाडतात, त्या पानावर आले तेव्हा म्हणे ते खुर्चीतून उठून उभे राहिले.

"गवत देणं बंद केलं त्यानं," ते मला म्हणाले. "विटेच्या मातीत गवत लागते. फारो म्हणते, गवत तुमचं तुम्ही हुडका, विटा मात्र तेवढ्याच पाहिजे. सुधीर, हे मी डोळ्यानं पाहिलं आहे रे. फक्त आपल्याकडं गवताच्या जागी धानाचा भुसा."

त्या दिवसापासून स्वप्नातले दौरे सुरू झाले. फारो त्यांना सावलीत खुर्ची देतो, थंड लस्सी मागवतो. काका घेत नाहीत. तपासणीला गेलेल्या माणसानं पाणीसुद्धा आपल्याच बाटलीतलं प्यायचं, हा त्यांचा नियम झोपेतही मोडत नाही. विटांच्या रांगा वाळवंटात दूरवर जातात, धूर सरळ वर चढतो, आणि त्या धुरातून डोक्यावर माती घेतलेली माणसं येत राहतात.

"विचारलं एकाले, कहां के हव? तर म्हणे, महासमुंद. जिथं भट्टा तिथं आपलेच लोक."

एका रविवारी ते चर्चमध्येही गेले. प्रार्थना संपल्यावर पाद्रीसाहेबांना गाठून विचारलं, की एक दास मालकाकडून पळाला, तर बायबलातल्या संत पौलानं त्याला चिठ्ठी देऊन परत मालकाकडे पाठवलाच कसा? चौकशी न करता? पाद्री भले गृहस्थ. म्हणाले, "चिठ्ठीत लिहिलंय ना, त्याला आता दास नाही, भाऊ म्हणून घरात घे."

"मग मालकानं काय केलं?"

"ते लिहिलेलं नाही."

"मग फाईल बंद काहून केली?"

पाद्रीसाहेबांनी त्यांना चहा पाजला. मळेवाल्यांचा विषयही तिथंच निघाला. समुद्रापलीकडच्या उसाच्या मळ्यांवर गोरे मालक दासांना हेच पुस्तक ऐकवायचे. मालकाचं ऐका, एवढं वाचायचं, आणि दासांच्या सुटकेची पानं गाळायची. काकांना आश्चर्य वाटलं नाही. "भट्ट्यावर कायद्याचा बोर्ड लावावाच लागते," ते म्हणाले. "मालक लावत. अन् सुट्टीच्या ओळीवर बरोबर कॅलेंडर लटकवत."

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. मग काकांना सातव्या वर्षाचा कायदा सापडला. दासानं सहा वर्षं काम केलं, की सातव्या वर्षी त्याला मोकळं सोडायचं. रिकाम्या हातानं नाही. कळपातलं, खळ्यातलं, द्राक्षाच्या घाण्यातलं काहीतरी देऊन.

काकू गेल्या तेव्हापासून काकांचा स्वयंपाक फुलबासन करते. तिला कामाला लागून सहा वर्षं झाली होती.

"ती दास थोडीच आहे, काका? पगार घेते," मी म्हटलं.

"भट्ट्याचे मालकही मले हेच म्हणत."

तयारी सुरू झाली. दुबराज तांदळाचं पोतं आलं. गोल बाजारातून द्राक्षाच्या रसाची बाटली आली. आणि एक दिवस स्कूटरवर, काकांच्या दोन पायांच्या मधे उभी राहून, एक बकरी आली.

"कामवालीला काढताना बकरी देणारा माणूस पहिल्यांदाच पाहते," आमची बायको म्हणाली.

तिला सोडायच्या आदल्या संध्याकाळी काका माझ्याकडे आले. म्हणाले, "कायद्यात एक सवलत आहे. ती स्वतः होऊन म्हणाली, की मले हे घर आवडते, मी जात नाही, तर ठेवता येते. मग दाराच्या चौकटीशी नेऊन कान टोचायचा."

"तिचे कान टोचलेलेच आहेत."

"हो न. म्हणजे ते काम तर झालंच आहे." हे ते इतक्या घाईनं म्हणाले की मी हसायचं विसरलो. जाताना दारात वळले. "पण तू तिले काही सांगू नको, पोट्ट्या. शिकवलेला साक्षीदार चालत नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं नवरा-बायको साक्षीला हजर. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला. फुलबासन भाकरीच्या पिठाचे हात घेऊन बाहेर आली. आजपासून तू मोकळी, हे ऐकून तिनं एकदा पोत्याकडे पाहिलं, एकदा बकरीकडे, आणि पदर डोळ्यांना लावला.

"मोला काबर निकालत हव, बाबूजी? का गलती करेंव?"

"काढून नाही राहिलो, बाई. सोडून राहिलो."

तिला फरक कळेना. काकांनी इजिप्त सांगितलं, फारो सांगितला, विटा सांगितल्या. ती ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, "त मैं कहूं भी जा सकथंव?"

"हव. कुठंही."

"अऊ नइ जाहूं त?" नाहीच गेले तर, असं ती आता विचारेल, म्हणून काकांचा एक हात चौकटीवर गेला. बायकोनं काही बोलायला तोंड उघडलं, मी तिचा पाय दाबला.

फुलबासननं पिठाचे हात झटकले. तिचा चेहरा हळूहळू असा उघडत गेला, जसं कुणी खिडकी उघडावी. म्हणाली, मग मी राजिमला बहिणीकडे जाते. सहा वर्षांत तिच्याकडे एक रात्र राहिले नाही.

रविवारची सुट्टी काकांनी तिची कधी चुकवली नव्हती. रविवारीही संध्याकाळच्या पोळ्या मात्र तिच्याच हातच्या असायच्या.

ती दुपारच्या बसनं गेली. तांदूळ नेला, बाटली नेली. बकरी बसमध्ये घेईनात, म्हणून ती राहिली.

बरेच दिवस काका तलावावर आले नाहीत. एका दुपारी मीच गेलो. गल्ली उन्हात पेंगत होती. काका दारात वेताच्या मोड्यावर बसलेले, मांडीवर पिंपळाचा पाला.

"इजिप्तचा दौरा नाही सध्या?"

"कुठला? बकरी रात्रभर ओरडते. फुलबासनची आहे, मी नुसता राखून राहिलो."

"येणार कधी ती?"

"विचारलं नाही."

"फोन करा न, काका."

ते पाल्याची एकेक डहाळी वेगळी करत राहिले. "मोकळ्या माणसाले कधी येता म्हणून विचारत नाहीत, सुधीर."

मग मी जायला निघालो आणि चपला घालायला वाकलो. मी गेलो असं समजून काकांनी एक डहाळी बकरीपुढे धरली. बकरीनं तोंड फिरवलं. काका आणखी खाली वाकले, आणि फुलबासनच्या बोलीत, लेकीला हाक मारावी तसं, अगदी हळू म्हणाले,

"खा ले, नोनी. घर मा अऊ कोनो नइ हे."