एकोणऐंशी, बावीस, पंधरा

राजसबाईंनी स्वयंपाकघरातूनच मुदत जाहीर केली. "बारा वाजायच्या आत ह्या डब्यातून एक तरी कॉल झाला पाहिजे. नाहीतर डबा पेपरवाल्याला, आणि माझा काळा फोन परत भिंतीपाशी."

"होईल की," जनकोजीराव म्हणाले.

डबा म्हणजे त्यांच्या वडिलांच्या तंजावरच्या कचेरीतला लाकडी टेलिफोन. पूर्वी त्याचं हँडल फिरवलं की एक्स्चेंजमध्ये घंटा वाजायची, आणि बोलण्यापुरती वीज आतल्या दोन सेलमधून यायची. मद्रासच्या लाईनीतून वीज आपोआप येते. म्हणून जनकोजीरावांनी सेल काढले, वायरी बदलल्या आणि रिची स्ट्रीटवरून आणलेला कंडेन्सर घंटेला जोडला. तो नसता तर एक्स्चेंजला वाटलं असतं, ह्या घरचा रिसीव्हर सदा उचललेलाच आहे. ह्या कामात तीन आठवडे गेले. डब्याला डायल मात्र नव्हती. त्यावर तोड सोपी होती. रिसीव्हर टांगायचा जो आकडा असतो, तो नंबरातला अंक जितका असेल तितक्या वेळा दाबायचा. शून्याला दहादा.

पहिला कॉल मद्रासजवळच्या आवडी गावातल्या वसंतरावांना करायचा होता. हे साताऱ्याहून तिथल्या कारखान्यात आलेले गृहस्थ पोंगलला सहकुटुंब तंजावर बघायला जाणार होते. त्यांनी आपला नंबर तोंडी सांगितला होता, "एकोणऐंशी, बावीस, पंधरा."

जनकोजीरावांच्या तंजावरी घराण्यात मराठी तीनशे वर्षं टिकली, पण मोजायचं तमिळमध्ये. त्यांनी कागदावर लिहिलं: एक, ऐंशी, बावीस, पंधरा. सगळ्यांचे नंबर सहा आकडी, हा सात आकडी झाला.

"आवडी लांब की," ते स्वतःशी म्हणाले. "एक आकडा जास्त लागणारच."

बाराला वीस मिनिटं असताना त्यांनी सुरुवात केली. एकदा टक्. मग आठदा. मग दहादा. चार आकडे बाकी होते, तोच घरघरीतून एका मुलीचा आवाज आला. एक-आठ-शून्य हा परगावचे कॉल लावून देणाऱ्या ट्रंक बुकिंगचा नंबर, हे त्यांना एरवी पाठ होतं. पण नंबर पुरा होण्याआधीच फोन लागल्याच्या आनंदात ते सुचलं नाही.

"उंगळ नंबर?" तुमचा नंबर काय, असं तिने तमिळमध्ये विचारलं. ही वसंतरावांची मुलगी विद्युल्लता, जनकोजीरावांनी ताडलं. पोरगी आवडीत वाढलेली, तमिळच बोलणार. त्यांनी नंबर दिला.

"कोणतं गाव?"

"तंजावर!"

"तिथला नंबर? कोणाशी बोलायचं?"

पाहुण्यांची उतरायची सोय मेहुण्यांकडे केली होती. "टू वन फोर. संताजीराव."

"ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग?"

जनकोजीराव खदखदून हसले. विद्युल्लता ह्या आपल्या नावाचं इंग्रजी करून पोर थट्टा करत होती. "लाइटनिंगच, अम्मा! ओळखलं मी!"

"ठेवा. येईल."

"झाला कॉल!" ते ओरडले.

"काय म्हणाली?" राजसबाईंनी विचारलं.

"येईल म्हणाली."

"कोण येईल?"

"ते विचारायचं राहिलं."

राजसबाईंनी आणखी एक पेला तांदूळ धुतले.

बाराला पाच कमी असताना डब्याच्या दोन्ही घंटा घणघणल्या. जनकोजीरावांनी रिसीव्हर कानाला लावला.

"भाऊजी!" पलीकडून संताजीराव ओरडत होते. "कोण गेलं?"

"गेलं? कोणी नाही गेलं. सगळे बरे."

"मग लाइटनिंग कॉल कशाला केलात? कोणी मेल्याशिवाय एवढा महागाचा, तातडीचा लाइटनिंग कोण करतं? हिकडे ही रडायला बसली!"

जनकोजीरावांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. एक. ऐंशी. म्हणजे एक-आठ-शून्य, ट्रंक. "आवाज... आवाज कसा येतो ते बघत होतो."

राजसबाईंनी रिसीव्हर ओढून घेतला. "अण्णा! अरे मी राजस. जिवंत आहे, तुझे भाऊजीही आहेत. अत्ता तरी आहेत. वहिनीला दे, तिचं रडणं थांबवते."

वहिनीचं रडणं थांबलं आणि बोलणं सुरू झालं. मध्येच ऑपरेटर म्हणाली, "तीन मिनिटं झाली. कॉल वाढवायचा?"

"एक्स्टेंड," राजसबाई म्हणाल्या. असं त्या दोनदा म्हणाल्या.

रिसीव्हर टांगून त्या वळल्या. जनकोजीराव स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उभे होते, डबा उतरवायला.

"ठेवा ते. बाराच्या आत कॉल झाला, शब्द म्हणजे शब्द. डबा राहील." मग त्यांनी तो कागद घेतला, घडी करून कमरेला खोचला. "पण नंबर मी लावणार. तुम्ही घंटांचं पितळ पुसायचं."