भोंग्याची बोली

“लिलावच आहे ना? मग तुम्हीच बसा त्याला,” असं म्हणून बायकोने रविवारी सकाळी फोन नवऱ्याच्या हातात ठेवला आणि लेकीला घेऊन ती नवीन बॅग आणायला बाहेर पडली.

तिचं काही चुकलं नव्हतं. नवरा अठ्ठावीस वर्षं घाऊक मासळी बाजारात लिलाव पुकारत होता. उपड्या क्रेटवर उभा राहून त्याने पहाटेची पहिली आरोळी ठोकली की बर्फाच्या गाड्यांमधले ड्रायव्हर दचकून जागे होत. बाजारात त्याचं नावच भोंगा पडलं होतं. मासा नुसता बघून तो वजन सांगायचा आणि काटा मागाहून मान डोलवायचा. पण इतकी वर्षं दुसऱ्यांच्या बोल्या पुकारताना स्वतः बोली लावायची वेळ त्याच्यावर कधीच आली नव्हती.

बायकोने सुपरमार्केटच्या कार्डावर अकरा वर्षांत एक्केचाळीस हजार पॉइंट साठवले होते. वस्तू घ्यायच्या तर त्यात जेमतेम एक इस्त्री आली असती. पण आता सुपरमार्केटने सभासदांसाठी ‘अनुभवांचा लिलाव’ काढला होता. फोनवर पॉइंटांची बोली लावायची; कुणाला नाटकाच्या पडद्यामागे फिरायला मिळणार, कुणाला विमानाच्या कॉकपिटमध्ये बसायला. बायकोने डोंगरावरच्या हॉटेलातल्या दोन रात्री हेरल्या होत्या. ‘सकाळचा चहा खोलीत आणून दिला जाईल’ ही ओळ तिने लेकीकडून तीनदा वाचून घेतली होती. नवऱ्याच्या ड्यूटीपायी तीही अठ्ठावीस वर्षं पहाटे तीनला उठून चहा करत आली होती.

“बाबा, बरोब्बर अकराला बंद होतंय हं,” लेकीने दारातून बजावलं.

“मला लिलाव शिकवतेस होय गं?” भोंगा म्हणाला.

हॉटेलची बोली पंधरा हजारांवर होती. अजून वीस मिनिटं होती. मुरलेला गडी घाई दाखवत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून वेळ काढायला त्याने सहज बोट खाली सरकवलं आणि तिथे त्याला एक मासा दिसला.

‘मत्स्यालयातील व्हेल शार्कची भेट. अर्धा तास. दोन व्यक्ती.’ चालू बोली : तीनशे.

“तीनशे?” भोंगा मोठ्याने म्हणाला. बसएवढा मासा आणि तीनशे? हा त्या माशाचा अपमान होता, आणि थोडासा आपल्या धंद्याचाही. घ्यायचं त्याच्या मनात मुळीच नव्हतं. फक्त बोली जरा माणसात आणावी म्हणून त्याने पाचशे टाकले.

लगेच कुणीतरी सहाशे केले.

या सहाशेवाल्याला तो न बघताच ओळखत होता. असले गिऱ्हाईक खिशात हात घालून मागच्या रांगेत उभे राहतात आणि शंभर-शंभरने माल लाटतात. त्याने हजार टाकले. अकराशे आले. त्याने पाच हजार टाकले. एक्कावन्नशे आले. भोंगा आता खुर्चीवर चढला होता. बाजारात तो लोकांच्या डोळ्यांत बघून ओळखायचा, कोण थकलंय, कोण अजून पेटलंय. इथे डोळे नव्हते, आवाज नव्हता. नुसता आकडा हिरवा व्हायचा आणि लाल व्हायचा. ही शांतता त्याला सहन होईना, म्हणून आवाजही तोच पुरवू लागला. “एकतीस हजार एक वार! अरे, आहे का कुणात दम? एकतीस हजार दोन वार!”

शेजारच्या घरातून कुणीतरी विचारलं, “काय विकताय हो?”

तेवढ्यात एकतीस हजार शंभर आले. भोंग्याच्या डोक्यात काहीतरी तडकलं. खाली एक बटण होतं, ‘सर्व पॉइंट लावा’. त्याने ते दाबलं.

पडद्यावर रंगीत कागद उडाले. अभिनंदन. तो घामाघूम होऊन खुर्चीवरून उतरला. बोली लावणारी शहाणीसुरती माणसं आपल्यासमोर वेड्यासारखी का वागतात, हे त्याला आज कळलं. मग घड्याळ दिसलं. अकरा वाजून दोन मिनिटं. हॉटेल एकोणीस हजारांत भलत्याच कुणाच्या पदरात पडलं होतं.

बायको आली ती चाकं असलेली निळी बॅग घेऊन. लेकीने फोन पाहिला, बापाकडे पाहिलं आणि आईला वाचून दाखवलं.

“मासा?” बायकोने विचारलं.

“मोठा आहे,” भोंगा म्हणाला.

“अहो, तुम्ही अठ्ठावीस वर्षं माशांतच आहात ना?”

पुढचे नऊ दिवस ती त्याच्याशी कामापुरतं बोलली, आणि काम फारसं नव्हतं.

दहाव्या दिवशी मात्र ती निघाली. पॉइंट तिचे होते. वाया घालवायचे नाहीत म्हणून आली, असं तिने बसमध्ये दोनदा सांगितलं. निळी बॅगही रिकामीच सोबत घेतली होती. “आणलीय तर फिरवते,” ती म्हणाली.

मत्स्यालय उघडायला अजून तासभर होता. माशांची देखभाल करणाऱ्या, गमबूट घातलेल्या एका मुलीने त्यांना अंधाऱ्या दालनात नेलं. समोरची अख्खी भिंत काचेची होती आणि काचेपलीकडे नुसतं निळं पाणी. बॅगेची चाकं खडखडत थांबली.

“कुठंय?” भोंग्याने विचारलं. त्याचा आवाज दालनभर घुमला.

“येईल. तिला घाई नसते.”

आधी निळ्यात एक सावली गडद झाली. मग त्या सावलीवर पांढरे ठिपके उमटले, शेकडो, कुणी बसून एकेक लावावा तसे. मग तोंड आलं, दाराएवढं. पुढचं तोंड काचेवरून निघून गेलं तरी मागचं अंग येतच होतं, येतच होतं. शेपटी एकदाच हलली. आवाज काहीच नाही.

सवयीने भोंग्याचे ओठ हलले. “अंदाजे...” तो म्हणाला आणि थांबला.

आकडा सुचेना. असं कधी झालं नव्हतं.

मासा वळून परत आला, काचेला अगदी लागून, आणि सावकाश जाता जाता त्याचा डोळा भोंग्यासमोरून गेला. एवढ्या धिप्पाड देहाला इवलासा, लिंबाएवढा डोळा. आयुष्यात त्याने लाखांनी माशांचे डोळे पाहिले होते. ताजेपणा त्यावरूनच तर ठरवायचा. पण आजवर एकाही डोळ्याने त्याच्याकडे बघितलं नव्हतं. हा बघत होता. भोंग्याने नकळत डोक्यावरची टोपी काढली.

“अहो, बोला की काहीतरी,” बायको कुजबुजली.

“थांब गं.”

ती बॅगेवर बसली. थोड्या वेळाने तिनेच त्याची बाही धरली, कारण मासा पुन्हा येत होता. अर्धा तास झाल्याचं त्या मुलीला तीनदा सांगावं लागलं.

परतीच्या बसमध्ये बायकोने निळी बॅग मांडीवर घेतली. मग म्हणाली, “ठिपके किती हो होते!” दहा दिवसांतलं तिचं हे पहिलं बिनकामाचं वाक्य होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे भोंगा क्रेटवर चढला. पुढ्यात पहिलाच माल म्हणजे बर्फावर आडवा टाकलेला एक भला मोठा ट्यूना. व्यापारी कान टवकारून उभे राहिले. भोंग्याने तोंड उघडलं, माशाकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

असा तो अर्धं मिनिट नुसता बघत राहिला.

“भोंगा गप्प?” मागून कुणीतरी पुटपुटलं. दुसऱ्याने मान उंचावून मासा पाहिला. “मालात काहीतरी खास आहे,” तिसरा म्हणाला आणि कुणी न मागता बोली लावून मोकळा झाला. चौथ्याने त्यावर चढवली. भोंगा अजून भानावर यायचा होता तोवर भाव दुपटीवर गेला, आणि त्याने दचकून “तीन वार!” म्हटलं तेव्हा बाजारात कधी ऐकला नव्हता असा आकडा पडला होता.

मालक ऑफिसातून धावत आला आणि भोंग्याला बाजूला घेऊन म्हणाला, “काय दिसलं रे तुला त्यात?”

“काही नाही मालक,” भोंगा म्हणाला. “मासा होता.”

मालकाने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. मग इकडेतिकडे कुणी ऐकत नाही याची खात्री करून तो हळूच म्हणाला, “बरं. दुसऱ्या कुणाला सांगू नकोस.”