मोठ्या हप्त्याचा मान

धाकट्या भावाच्या कोबीचा विमा हप्ता आपल्यापेक्षा मोठा आहे, हे थोरल्याला जेवताना बायकोकडून कळलं आणि त्याचा हात ताटातच थांबला.

"दुपटीहून जास्त. धाकटी जाऊ स्वतः सांगत होती," बायको म्हणाली. "बरं झालं ना, आपल्याला स्वस्तात पडलं."

"स्वस्तात? अगं, माझ्या कोबीची काही किंमत ठेवली की नाही त्यांनी? ज्याला नांगर धरायला मी शिकवलं, त्याचं पीक माझ्यापेक्षा भारी?"

कोबी म्हणजे थोरल्याचा जीव की प्राण. गड्ड्यावर टिचकी मारून आवाज ऐकवल्याशिवाय तो पाहुण्याला पाणीसुद्धा विचारत नसे. हा अपमान त्याच्या घशाखाली उतरेना. सकाळ होताच त्याने विमा कचेरी गाठली.

"साहेब, माझा हप्ता वाढवा."

खिडकीमागच्या कारकुनाने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "कमी करा म्हणायचंय का, काका?"

"वाढवा! भावापेक्षा थोडा तरी जास्त ठेवा."

असली मागणी त्या कचेरीत आजवर कुणी केली नव्हती. या टेबलावरून त्या टेबलावर कुजबुज गेली. हा माणूस स्वतःहून जास्त भरायला निघालाय, म्हणजे पीक बुडणार हे त्याला आधीच ठाऊक असणार, असं सगळ्यांचं एकमत झालं. दुपारी तपासनीस थोरल्याच्या बांधावर हजर.

"कीड कुठे आहे?" त्याने आल्या आल्या विचारलं.

"कीड? माझ्या शेतात?"

"मग पाणी तुटलं असेल."

"विहीर तुडुंब आहे!"

"काका, लपवू नका. सगळं एवढं झकास असेल तर जास्त भरायची घाई कशाला?"

थोरला इरेला पेटला. त्याने तपासनिसाला ओळ न् ओळ फिरवलं, गड्डे वाजवून दाखवले, माती हुंगायला लावली. तपासनीस घामाघूम झाला, पण कपाळावरच्या आठ्या मात्र हळूहळू गेल्या.

"इतकं भरवशाचं शेत मी पाहिलं नाही," तो म्हणाला. "तुमचा हप्ता आणखी कमी करायला सांगतो."

थोरला मटकन खाली बसला. "एवढं दाखवूनसुद्धा कमी?"

"अहो, हप्ता पिकाच्या तोऱ्यावर ठरत नाही, धोक्यावर ठरतो. तुमच्या भावाचा तुकडा ओढ्याला लागून, दोनदा पाणी शिरलं. म्हणून त्याला जास्त. तुमचं पीक कधी बुडालंच नाही. एवढा कमी हप्ता या भागात दुसऱ्या कुणाचा नाही!"

थोरल्याची छाती अशी फुगली की सदरा अपुरा पडला. ही बातमी धाकट्याच्या तोंडावर सांगायची, म्हणून तो तरातरा बांध ओलांडून गेला.

धाकटा शेतात गुडघाभर चिखलात उभा होता. दोनदा वाहून गेलेला कोबी त्याने तिसऱ्यांदा लावला होता आणि एकट्याने चर खणून ओढ्याचं पाणी वळवलं होतं. "दादा, कळलं का?" तो लांबूनच ओरडला. "माझा हप्ता तुझ्यापेक्षा मोठा! जन्मात पहिल्यांदा तुझ्या पुढे गेलो बघ!"

थोरल्याने त्या सरळ, हिरव्या ओळींकडे पाहिलं. आपण असतो तर दुसऱ्याच पुराला हात टेकले असते, हे त्याला कळत होतं. असा चिवट गडी आपला भाऊ आहे, याचा त्याला मनापासून अभिमान वाटला. ओठांवरची बातमी त्याने गिळून टाकली.

"कळलं," तो म्हणाला. "मीही वाढवून मागितला होता. नाही म्हणाले."

धाकट्याचा चेहरा उतरला. त्याने चिखलाचा हात दादाच्या खांद्यावर ठेवला.

"मनाला लावून घेऊ नकोस, दादा. ते तपासनीस साहेब माझ्या ओळखीचे आहेत, सारखे येतात माझ्याकडे. पुढच्या वेळी तुझ्यासाठी शब्द टाकतो."

बढाईची एकही संधी आजवर न सोडलेला थोरला मान खाली घालून म्हणाला, "टाक बाबा. तेवढं बघ माझं."