माझा कॉम्प्युटर निर्दोष आहे

जगातले सगळे कॉम्प्युटर मला घाबरतात. ही बढाई नव्हे. ऑफिसात मी नुसता दारात उभा राहून खाकरलो तरी बंद पडलेली मशिनं आपोआप सुरू व्हायची, असं लोक सांगत. म्हणजे सांगत मीच असे, पण लोकांनी ते कधी खोडून काढलं नाही.

त्यामुळे भाचीनं दातांचा दवाखाना थाटला तेव्हा भेट काय द्यायची हा प्रश्न मला पडलाच नाही. बाकीच्या नातेवाइकांनी भिंतीवरची घड्याळं दिली, झाडांच्या कुंड्या दिल्या. मी माझा जुना कॉम्प्युटर दिला. स्वतःच्या हातानं जोडलेला! उचलायला दोन माणसं लागतात, आणि सुरू झाला की शेजारचा दुकानदार विमान बघायला बाहेर येतो, पण काम चोख. हा माझ्या आधी जायचा नाही, असं मी सगळ्या पाहुण्यांसमोर ठणकावून सांगितलं होतं. ही, म्हणजे माझी बायको, तेव्हा भाचीच्या आईला हळूच म्हणाली, की चला, पलंगाखालची जागा मोकळी झाली. मी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

तर त्याच दवाखान्यात, त्याच कॉम्प्युटरसमोर, मी एके दिवशी आडवा झालो होतो. दाढ ठणकत होती. बरेच दिवस मी गालाला हात लावून घरभर कण्हत हिंडलो. शेवटी गाल सुजून पुढं आला, तेव्हा हिनं चपला घातल्या आणि दारात उभं राहून जाहीर केलं, की आज एक तर दाढ जाईल, नाहीतर ती स्वतः माहेरी जाईल. मी दोन्ही बाजूंनी विचार करत होतो, तेवढ्यात तिनं रिक्षा थांबवली.

मी तसा भित्रा नाही. अंधाराला भीत नाही, सापाला भीत नाही, हिलासुद्धा दिवसातून थोडाच वेळ भितो. पण ती खुर्ची! माणूस बसतो आणि ती आपोआप आडवी होते, जणू पुढचं सगळं तिला आधीच ठाऊक आहे. शेजारच्या ट्रेमध्ये चकचकीत हत्यारं ओळीनं मांडलेली. एकाचं टोक वाकडं, दुसऱ्याचं त्याहून वाकडं, आणि तिसरं अगदी सरळ होतं म्हणून त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

भाचीनं आत डोकावून पाहिलं. खालच्या जबड्यात, उजवीकडे, दोन दाढा शेजारी शेजारी. दोघींमध्ये जुनी चांदी भरलेली, दोघी वरून सारख्याच साळसूद. दोघींपैकी एक आतून सडलेली, पण कोणती ते कळेना. भाचीनं सळईनं मागच्या दाढेवर हलकेच वाजवलं. मी ओरडलो. पुढचीवर वाजवलं. मी ओरडलो. वरच्या जबड्यात वाजवलं, डावीकडे वाजवलं, मी ओरडलो. मग तिनं कंटाळून सळई ट्रेमध्ये ठेवली, तर त्या आवाजालाही मी ओरडलो. बाहेरच्या बाकावर गालाला रुमाल बांधून एक पैलवान बसला होता. काचेच्या दारातून मला दिसलं, तो बाकावर जरासा बाहेरच्या दाराकडे सरकला.

"मामा, तुम्ही नक्की कशाला ओरडताय?" भाचीनं विचारलं.

मी म्हटलं, तू ठरव, डॉक्टर तू आहेस.

आता एक्स-रे फोटो काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तिच्याकडे बिस्किटाएवढी एक काळी पट्टी होती. ती तोंडात दाढेच्या कुशीत बसवायची. तिला उंदराच्या शेपटासारखी लांब वायर. ती वायर दाढांवरून ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर येते आणि कॉम्प्युटरच्या यूएसबीला जाऊन मिळते. बाहेरून गालावर यंत्राची सोंड रोखायची, बटण दाबायचं, की दाढेचं अंतरंग पडद्यावर.

पट्टी बसली. कॉम्प्युटर म्हणाला, टिंग. म्हणजे ओळख पटली. भाची ती सोंड घेऊन माझ्या गालाकडे वळली. कॉम्प्युटर म्हणाला, टुंग. पडद्यावर पाटी आली, की हे उपकरण ओळखता येत नाही.

खरं सांगतो, माझा ऊर भरून आला. मनात म्हटलं, शाब्बास रे गड्या, खाल्ल्या विजेला जागलास! पट्टी थुंकून मी अत्यंत दुःखी चेहऱ्यानं सुचवलं, की मशीनला बरं वाटेपर्यंत आपण थांबू. पुढच्या महिन्यात येतो. त्याच्या पुढच्या महिन्यातही चालेल.

भाची म्हणाली, थांबता यायचं नाही. सूज वाढतेय, आणि उद्यापासून ती स्वतः परगावी जाणार होती. दोघींपैकी एक आजच निघायला हवी. पण कोणती?

तेव्हा कोपऱ्यातल्या स्टुलावरून ही बोलली.

"अगं, दोन्ही काढून टाक. शंकाच नको. नाहीतरी हे चावतात कुठं, गिळतातच."

मी भाचीकडे पाहिलं. ती डॉक्टर आहे, शिकलेली आहे, धडधडीत चांगली दाढ उपटणं तिला मान्य होणार नाही, अशी माझी खात्री होती. भाची मामीकडे बघत होती. मग ती ट्रेकडे बघू लागली. मग म्हणाली, की तसंच काही झालं तर बघू. तोंडातली एक निरपराध बाई, केवळ शेजार वाईट म्हणून फासावर चालली होती!

"थांबा," मी म्हटलं, "कॉम्प्युटर मी दुरुस्त करतो."

भाचीनं एक अट घातली. पट्टी पुन्हा बसवली की तोंडातच राहणार, कारण ती नेमकी बसवताना मी तिचं बोट चावलं होतं. डोकं हलवायचं नाही. म्हणजे मी आडवा, तोंड भरलेलं, आणि हुकूम मी सोडणार. माझं बोलणं नुसतं आँ आणि ऊं असं येऊ लागलं. पण इतक्या वर्षांच्या संसारात ही माझं न बोललेलंही ऐकते, तिला हे काय जड!

मी पहिला हुकूम सोडला.

"म्हणतायत, वायर पुढच्या भोकातून काढ आणि मागच्या बाजूला लाव," ही म्हणाली. "जुन्या मशीनची पुढची भोकं अशक्त असतात. शिवाय मला घरी जाऊ दे असंही म्हणतायत, ते तू मनावर घेऊ नकोस."

भाची टेबलाखाली शिरली. मागे जाळीजळमटं, धुळीची लोकरच्या लोकर. फुंकर मारून तिनं वायर लावली. टिंग! ती केस झटकत बाहेर आली आणि सोंड माझ्या गालाकडे आणली. सोंड जवळ आली, अजून जवळ आली. टुंग.

मी दुसरा हुकूम सोडला. जुन्या मशीनमध्ये वीज म्हणजे गल्लीतल्या शेवटच्या नळाचं पाणी. एकाच वेळी चार जणांनी तोटी उघडली की कुणालाच पुरत नाही. हिनं ते सांगताना स्वतःचे दोन शब्द घातले, की यांनी हे मशीन वापरात असतानाच बदलायला हवं होतं. प्रिंटर उपटला. टेबलावरचा छोटा पंखा उपटला. मोबाइल चार्ज होत होता, तोही उपटला. टिंग! आता जागा व्हावी म्हणून भाचीनं ट्रे जरा बाजूला सरकवला. हत्यारं एकमेकांवर किणकिणली. टुंग.

तिसरा उपाय, बंद करून पुन्हा सुरू करणे. हा उपाय मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो, पण खुर्चीत आडवं पडून त्याचा आवाज कधी ऐकला नव्हता. माझ्या कॉम्प्युटरचा पंखा सुरू होताना आधी बारीक घरघरतो, मग चढतो, मग हाड पोखरणाऱ्या यंत्रासारखा किंचाळतो. खुर्चीचे हात मी असे आवळले की त्यांचं रेक्झिन फाटलं. मशीन सुरू झालं, पण या वेळी टिंगसुद्धा झालं नाही. काचेच्या दारातून पैलवान उभा राहिलेला दिसला.

चौथा उपाय जालीम. पट्टीची सगळी जुनी ओळख कॉम्प्युटरमधून पुसून टाकायची आणि मग जणू पहिल्यांदाच भेटतोय अशी नव्यानं करून द्यायची. हे माणसांना करता येतं का, अशी हिनं भाचीकडे चौकशी केली. पंखा शांत झाल्यावर ओळख झाली. टिंग! भाचीनं नुसती चुकून इंजेक्शनच्या सुईकडे नजर टाकली. टुंग!

आता भाचीनं पट्टी माझ्या तोंडातून काढली आणि टेबलावर ठेवली. टिंग. आम्ही वाट पाहिली. काही नाही. पट्टी टेबलावर गुण्यागोविंदानं नांदत होती. पुन्हा माझ्या तोंडात घातली, थोड्या वेळात टुंग.

मी पट्टी काढायला लावून शास्त्रीय खुलासा केला, की काही विशेष लोकांच्या शरीरात वीज असते.

"यांच्या अंगात वीज असती," ही म्हणाली, "तर घरात एक तरी पडदा लावून झाला असता."

भाचीनं उसासा टाकला. माझ्या खांद्यावर हात ठेवला. आजारी माणसाच्या नातेवाइकांशी बोलतात त्या आवाजात म्हणाली, "मामा, वाईट वाटून घेऊ नका. पण तुमचा कॉम्प्युटर आता संपला."

"मग दोन्ही," ही म्हणाली, आणि मदत म्हणून वायर गुंडाळायला लागली.

भाचीनं सुई उचलली. मंडळी, त्या सुईत औषध वर चढताना मी पाहिलं. वर एक थेंब आला, चमकला, आणि माझ्याकडे बघून खाली ओघळला. वाटलं, दाढेच्या आधी आपणच निघून जाऊ.

तेवढ्यात ही वायर रुमालानं पुसता पुसता थांबली.

"अगं, तुझ्या दवाखान्यात उंदीर आहेत का? हे बघ, कुरतडलंय."

मी सुईखालून उसळून उठलो! वायरवर खोल खोल खड्डे पडले होते. वायरचं टोक अजून मशीनलाच होतं. मी ती हातात घेतली आणि वकिलासारखा उभा राहिलो. खड्ड्यावर वायर दाबली. टुंग. सोडली. टिंग. दाबली, टुंग. सोडली, टिंग. मी ते इतक्या वेळा केलं की हिनं हात जोडले.

"बघा!" मी गरजलो. "मशीन धडधाकट आहे. वायर दाबली की आतली तार सुटते, तिला मशीन काय करणार? माझ्या कॉम्प्युटरवर बालंट आणत होतात! गुन्हेगार उंदीर आहे, त्याला पकडा."

भाची वायरकडे बघत होती. मग माझ्याकडे बघू लागली. तिनं शांतपणे विचारलं, की टेबलावर असताना हा उंदीर गप्प बसतो आणि मामांच्या तोंडात गेल्यावरच चावतो, तो राहतो कुठं?

सोंड जवळ आली होती तेव्हा, हत्यारं किणकिणली तेव्हा, पंखा किंचाळला तेव्हा, सुई दिसली तेव्हा मी काय करत होतो, ते मला एकदम आठवलं. भीतीनं दात आवळून बसलो होतो.

"जरा आ करा," भाची म्हणाली.

मी कॉम्प्युटरच्या अब्रूसाठी आ केला. तिनं वायर मघासारखीच दाढांच्या ओळीवर ठेवली. खड्डे दातांत असे बसले, जशी कुलपात किल्ली. मागच्या दाढेखाली सगळ्यात खोल खड्डा, जवळजवळ तारेपर्यंत. पुढं सुळ्यापाशी बारीक बारीक खुणा. आणि मध्ये, पुढच्या संशयित दाढेखाली, वायर कोरी करकरीत. ओरखडाही नाही.

भाचीचा चेहरा उजळला. ती मामीला समजावून सांगू लागली, की दुखऱ्या दाढेवर माणूस भीतीनंसुद्धा जोर देत नाही, नकळत तिला वाचवतो. मागचीनं एवढी वायर फोडली म्हणजे ती ठणठणीत. दोषी पुढची. मग खात्रीसाठी डाव्या बाजूला रबराचा ठोकळा बसवून तिनं माझा जबडा मिटेनासा केला आणि फोटो काढला. टिंग झालं ते टिंगच राहिलं. पडद्यावर चांदीखाली पुढची दाढ काळीकुट्ट.

ठोकळा निघाल्या निघाल्या मी विजयानं हिच्याकडे पाहिलं. "म्हणजे कॉम्प्युटर निर्दोष!"

"हो मामा," भाची म्हणाली. "कॉम्प्युटर निर्दोष आहे. आता परत आ करा."

पुढचं मला आठवत नाही. ही म्हणते मी आईला हाक मारली. मी म्हणतो तो पैलवान असावा. पण बाहेर आलो तेव्हा बाक रिकामा होता, खाली त्याच्या चपला तेवढ्या होत्या.

दाढ गेली, सूज उतरली, ही माहेरी गेली नाही. भेटेल त्याला मी सांगतो, की मशीन कसं असावं तर माझ्यासारखं, खोटा आळ आला तरी डगमगत नाही. आणि माझी ती निरपराध मागची दाढ शाबूत राहिली, हे माझ्याच चावण्याचं फळ.

फक्त एक आहे. परवापासून ती मागचीही जराशी ठणकायला लागली आहे. वायर चावल्यामुळे असेल. हिला अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. कारण भाचीनं पट्टीला नवी वायर बसवून आणली आहे, आणि तिला वरून पोलादी जाळी आहे म्हणतात.