गुडघ्याची वाटी, कॉफीचा पेला

"सकाळी जायचं, गुडघ्याला दोन भोकं पाडून घ्यायची, संध्याकाळी घरी! सल्तमधल्या काळ्या कुत्र्यालाही पत्ता लागणार नाही!" दियाबने बायकोला बजावलं आणि मिशीवरून हात फिरवला.

दियाब, म्हणजे राकानचा बाप, हा अरबी मुलुखातल्या सल्त गावातला दबके नाचाचा पुढारी. लग्न कुणाचंही असो, हातात हात गुंफून पाय आपटणाऱ्या पुरुषांच्या ओळीत पहिली जागा त्याची. पण गेली दोन वर्षं डाव्या गुडघ्याची वाटी रुसली होती. पाय उचलला, की ती खोबण सोडून बाहेरच्या अंगाला सरकायची आणि दियाबला भर दुपारी तारे दिसायचे. हे लोकांना कळलं तर पहिली जागा गेलीच म्हणून समजा! डॉक्टर लुब्ना म्हणाल्या होत्या, दुर्बीण घालून बघू, वाटीला बाहेर ओढणारा ताठर पट्टा सैल करू, म्हणजे ती येईल ताळ्यावर. मात्र आदल्या रात्रीपासून पोटात पाण्याचा थेंबही नको.

ठरल्या दिवशी तो चोरपावलांनी बाहेर पडला आणि शेजारच्या मुत्लकने त्याला गाठलंच. ओढत घरात नेलं, बसवलं आणि वाफाळत्या कॉफीचा पेला हातात दिला. आता आली का पंचाईत! ऑपरेशनचं सांगायची सोय नाही. रोजा आहे म्हणावं, तर तोंडात पेटलेली सिगरेट! (सिगरेटीचं डॉक्टरीणबाईंना विचारायची हिंमत त्याला झाली नव्हती.) शेवटी त्याने पेला तसाच खाली ठेवला.

पाहुण्याने भरला पेला खाली ठेवला, तर त्याचा अर्थ सल्तमधल्या शेंबड्या पोरालाही कळतो. पाहुण्याला काहीतरी मागायचंय आणि शब्द मिळाल्याशिवाय तो घोट घेणार नाही. मुत्लक सावरून बसला.

"बोल दियाब, काय हवंय?"

"काही नाही रे!"

"मग पी."

"नको."

"अंजिराच्या फांद्या तुझ्या गच्चीवर येतात, तेच ना? आजच छाटतो. पी!"

"राहू देत रे फांद्या."

"मग गाडी लावायची जागा? घे, तुझी! पी आता!"

"मुत्लक, मला उशीर होतोय..."

"अरे, माणसाने लाजावं तरी किती!"

कॉफीतल्या वेलदोड्याच्या वासाने दियाबचा जीव कासावीस झाला होता. "हे बघ, आज दुपारपर्यंत सगळं मार्गी लागू दे. मग तुझ्याच हातची पितो!" असं म्हणून तो सटकला.

मुत्लक डोकं धरून बसला. फांद्या नकोत, जागा नको, मग उरलं काय? आत स्वयंपाकघरात त्याची मुलगी रन्दा भांडी लावत होती. दियाबचा राकान लग्नाचा झालेला. मुत्लकच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि त्याने भावांना फोन लावायला सुरुवात केली.

तिकडे दियाबच्या कमरेत सुई गेली. खालचं अंग बधिर, डोकं मात्र टक्क जागं. समोरच्या पडद्यावर त्याचा स्वतःचा गुडघा!

"हा बघा तुमचा खलनायक," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"कापा त्याला!"

पट्टा सुटला आणि डब्याला झाकण बसावं तशी वाटी खोबणीत बसली. दियाबला इतका आनंद झाला, की तो चक्क रडला.

खोलीत आणून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता काही प्यायला हरकत नाही." तोच दार उघडलं. लांब झगे घातलेले मुत्लक आणि त्याचे चार भाऊ, राकान आणि सर्वांत मागे तोंड लपवणारी बायको! दियाबने पळायचा विचार केला, पण पाय ऐकेनात. संपलं सगळं, पहिली जागा गेली, असं त्याच्या मनात आलं.

"अहो, मी सांगणार नव्हते," बायको पुटपुटली. "पण थर्मास घेऊन पाच पुरुष दारात उभे राहिले, तर खोटं कसं बोलू?"

मुत्लकने पेला भरला. "दियाब, तुझी मागणी मान्य! रन्दालाही विचारलं, वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणाली. आता तरी पी!"

"फांद्यांचं रन्दाला कशाला विचारलंस?"

"पी आधी!"

रात्रीपासूनची तहान! दियाबने एका दमात पेला रिकामा केला. बायकोने शुभकार्यात मारतात तशी जीभ हलवत अशी किलकारी मारली, की शेजारच्या खोलीतला रोगी उठून बसला.

"कसल्या फांद्या घेऊन बसलाय? राकानची सोयरीक झाली!" मुत्लक गरजला.

राकान कानापर्यंत लाल झाला होता. "बाबा, वर्षभर मी तुम्हाला रन्दाबद्दल सांगायला घाबरत होतो. तुम्ही तर न बोलताच जमवलंत!"

दियाबने मुलाला छातीशी धरलं आणि लगेच त्याचा चेहरा पडला. "पण मुत्लक... लग्नात ओळीच्या पुढे कोण नाचणार?"

"तूच! डॉक्टरीणबाई, हा कधी नाचेल?"

"व्यायाम नीट केला तर पाच-सहा महिन्यांत."

"मग लग्न त्यानंतरच!"

"अरे, पण आता गुडघ्याचं सगळ्यांना कळलं ना!"

"आत्ता कळलं?" मुत्लक पोट धरून हसला. "वेड्या, तुझा डावा पाय वर गेला, की ढोलवाला ठेका धीमा करतो. दोन वर्षांपूर्वी आम्हीच त्याला सांगून ठेवलंय!"

दियाबने चादर डोक्यावरून ओढून घेतली. आतून बारीक आवाज आला, "अरे देवा! आणि मी गावभर सांगत सुटलो होतो, की ढोलवाला म्हातारा झाला म्हणून!"